कडेला आलीस की थांब

६ फेब्रुवारी

दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. परवा फोन केला होता तो कशासाठी, ते तुला शेवटपर्यंत कळलंच नाही. मी "पॉलिश" म्हणत होते आणि तू "पोलीस? कुणी केली तक्रार?" असं घाबरून विचारत होतास. मागे वहिनी हसत होती ते मला ऐकू येत होतं. गॅरेजातल्या आवाजाने तुझे कान नेले, तेव्हा आता पत्रच बरं. शिवाय मला जे सांगायचं आहे ते फोनवर मोठ्याने ओरडून सांगण्यासारखं नाही.

गेलं वर्षभर मी शनिवारी दुपारी आणि रविवारी लोकांच्या गाड्या साफ करते. नुसतं धुणं नाही. आतल्या सीट, काचा, दारांच्या फटी आणि वरून हाताने पॉलिश. आमच्या इमारतीखाली दोन खांबांच्या मध्ये जागा आहे, तिथे. आधी ह्यांची जुनी गाडी केली. ती बघून वरच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, मग त्यांच्या मेहुण्यांनी. असं करत आता महिन्याला सहा-सात होतात. मला हे काम आवडतं, दादा. दवाखान्यात आठवडाभर मी टेबलामागे बसून "बसा, डॉक्टर पाच मिनिटांत बोलावतील" म्हणत असते, आणि पाच मिनिटं कधीच पाच नसतात. इथे मळलेलं दार माझ्या हाताखाली स्वच्छ होतं आणि ते मला दिसतं.

पण दवाखान्यात मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, तुलाही आजपर्यंत नाही. कामाची लाज कसली, असं मी लेकीला उठता-बसता ऐकवते. मग रविवारी ओळखीचा पेशंट रस्त्यावरून जाताना दिसला की मी टायरच्या मागे का बसते? हातमोजे घालते ते साबणासाठी, की सोमवारी कुणी नखं बघू नयेत म्हणून, हे माझं मलाच सांगता येत नाही.

असो. आता कोपर धरलं आहे. मशीन घ्यावी म्हणते. दुकानात दोन तऱ्हा दाखवल्या. एक सरळ गरगर फिरते, तिला रोटरी म्हणाले. दुसरी फिरता फिरता डुलते. दुकानदार म्हणतो डुलणारी घ्या, नवीन माणसाला बरी. पण तो मला बघूनच ते म्हणाला असं वाटलं. आधी "साहेब नाही आले?" असं विचारलं होतं त्याने.

तू दोन्ही वापरल्या असशील. तू सांगशील ती घेते.

तुझी
खारू

१५ फेब्रुवारी

खारे,

तुझं पत्र वहिनीने दोनदा वाचलं आणि मग मला दिलं. ती म्हणते, एवढी घाबरून लिहिलीय, मला वाटलं कुणाबरोबर पळून गेली. गाड्या धुतेस ना? मग मान ताठ ठेव. माझी छत्तीस वर्षं गाड्यांच्या रंगात गेली. माझ्या नखांतला रंग माझ्या लग्नातल्या फोटोत दिसतो आणि वहिनी तो अजून पाहुण्यांना दाखवते.

आता मशीनचं. यात विचारायचं काय आहे? रोटरी घे. ती डुलडुल मशीन म्हणजे कमरेला डबा बांधून जन्मभर पोहणं. बुडायची भीती नाही हे खरं, पण पोहता येतं असं कुणी म्हणेल का? रोटरी पहिल्यांदा हात खेचते, मग हाताला वळण लागतं. त्या दुकानदाराला सांग, साहेब आले नाहीत, साहेब मीच आहे.

नीट वाच. रंगावर काचेसारखा एक थर असतो, त्याला आम्ही क्लिअर म्हणतो. कागदापेक्षा पातळ. आपण पॉलिश करतो म्हणजे हा थर किंचित खरवडतो, दुसरं काही नाही. म्हणून पॅड पांढरा घे. पांढऱ्यावर गाडीचा रंग उतरला की समज, क्लिअर संपला, खड्ड्यात गेलीस. वेग कमी ठेव. मशीन सपाट धर. पत्र्याच्या कडा, उंचवटे, दाराच्या रेघा, तिथे थर अजून पातळ असतो, कारण ओला रंग कडेवरून ओघळतो. कडेला आलीस की थांब. एवढं एक लक्षात ठेव, बाकी मशीन शिकवते.

आणि पहिल्यांदा लोकांच्या गाडीवर हात चालवू नकोस. भंगारातून एक बॉनेट आण.

दादा

३ मार्च

दादा,

मशीन आणली. रोटरीच. दुकानदाराने खोक्यावर हात ठेवून पुन्हा एकदा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, आमच्या घरात छत्तीस वर्षांचा अनुभव आहे. मला फार बरं वाटलं हे म्हणताना.

भंगारवाल्याकडून पांढऱ्या गाडीचं बॉनेट आणलं. ते आता आमच्या बाल्कनीत आडवं आहे आणि ह्यांनी त्याचं नाव सवत ठेवलंय. "तुझ्या सवतीवर कपडे वाळत टाकू का?" असं विचारतात. पहिल्या दिवशी मशीनने मला अक्षरशः ओढत नेलं. आता बरं जमतं. मधला भाग तर असा चमकतो की लेक त्यात बघून केस विंचरते.

आणि दादा, दवाखान्यात कळलं. मी ज्यांची गाडी केली होती ते गृहस्थ अक्कलदाढेसाठी आले आणि टेबलापाशी मोठ्याने म्हणाले, "अहो, तुम्ही इथे पण असता का?" डॉक्टरबाई दारातच उभ्या होत्या. माझे कान तापले. त्यांनी मला आत बोलावलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तर म्हणाल्या, "अगं, वर्षभर माझ्या गाडीकडे बघतेस आणि एका शब्दाने बोलली नाहीस? तिची अवस्था काय झालीय." मग त्यांनी मशीन कशी चालते ते विचारलं, मी सांगितलं, त्या म्हणाल्या, "म्हणजे माझंच काम की. फक्त तोंड मोठं."

वर्षभर मी ज्याच्यावर पांघरूण घालत होते त्यात पांघरूण घालण्यासारखं काही नव्हतंच. घरी येताना मला रडू आलं, का ते विचारू नकोस.

त्यांची गाडी गडद निळी आहे. तेवीस तारखेला, रविवारी आणतील.

तुझी
खारू

१२ मार्च

खारे,

निळी म्हणजे परीक्षाच. गडद रंग चुगलखोर असतो. पांढऱ्यावर शंभर चुका लपतात, निळ्यावर एक लपत नाही. पण तू करशील. आमच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितलंय, माझी मावसबहीण डॉक्टरांच्या गाड्या करते. "गाड्या" म्हटलं, एक म्हटलं नाही. वहिनी म्हणाली, तुमची जीभ रोटरी आहे.

झाल्यावर सविस्तर लिही. कुठल्या वेगाने केलंस, पॅड किती वेळा बदललास, सगळं.

दादा

२४ मार्च

दादा,

गाडी झाली. छान झाली. डॉक्टरबाई खूश आहेत.

लेकीची परीक्षा आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. उगाच एक विचारायचं होतं. तुमच्या गॅरेजात एखाद्याच्या हातून कडेचा क्लिअर गेला तर काय करत असत? सहज मनात आलं.

खारू

३ एप्रिल

खारे,

डॉक्टरबाई खूश म्हणजे मी खूश. तपशील मात्र राहिले, परीक्षा झाली की लिही.

कडेचं विचारलंस. क्लिअर गेला म्हणजे गेला. तो परत येत नाही, तेवढा पत्रा नव्याने रंगवायचा, दुसरा इलाज नाही. मालकाला सांगायचं, दोन शिव्या खायच्या आणि रंगवून द्यायचा. पण काही दिवटे असायचे. ते काय करायचे, वरून तेलकट ग्लेझ चोळायचे. ते लावलं की उघडा पडलेला रंग ओला दिसतो, म्हणून चमकल्यासारखा दिसतो. मालक हसत हसत गाडी घेऊन जातो. दोन-तीनदा धुतली की ग्लेझ उतरतं आणि डाग जसाच्या तसा. तोवर हे महाशय हात वर करून मोकळे, धुताना झालं असेल म्हणतात. अशा माणसाला, डागावर पावडर थापणारा म्हणून, आम्ही पावडरवाला म्हणायचो. त्याच्या हातचा चहा कुणी घ्यायचं नाही. चूक कुणाकडूनही होते गं, पण पावडरवाल्याला माझ्याकडे दुसरा दिवस नसे.

तुझ्यावर ती वेळ यायची नाही. तू ऐकणारी आहेस.

दादा

९ जून

दादा,

दोन महिने लिहिलं नाही. परीक्षा एप्रिलमध्येच संपली होती. तू वहिनीकडून दोनदा फोन करवलास आणि मी दोन्ही वेळा "कामात आहे" म्हटलं.

मी पावडरवाली आहे.

हे पहिल्या ओळीत लिहिणार होते. तिथे हात गेला नाही.

त्या रविवारी सकाळी सुरुवात केली. छत झालं, दारं झाली, बॉनेटचा मधला भाग इतका छान झाला की मीच थांबून थांबून बघत होते. मग डाव्या दिव्याच्या वर बॉनेटची कड आली. तू लिहिलं होतंस, कडेला आलीस की थांब. मी थांबले. मशीन चालू, हात स्थिर. मला वाटलं, थर पातळ म्हणून कडेला सावकाश, जास्त वेळ द्यायचा. पातेलं घासताना काठाशीच मळ साचतो ना, आपण मधून भरभर घासतो आणि काठाला थांबतो. आईने तसंच शिकवलंय. म्हणून मी तिथे थांबले, अगदी मन लावून. प्लॅस्टिक तापल्यासारखा वास आला. मशीन उचलली तर पांढऱ्या पॅडवर निळं होतं.

अंगठ्याएवढा डाग. धुरकट, कोरडा, तेल न लावलेल्या केसासारखा. मी आधी तो धुतला. मग पुसला. मग त्याच्यावर फुंकर घातली, दादा, बेचाळीस वर्षांच्या बाईने लहान मुलाच्या गुडघ्यावर घालतात तशी. मशीनबरोबर दुकानदाराने एक छोटी बाटली फुकट दिली होती, बारीक ओरखडे झाकायची. ती उघडली. डाग गेला. म्हणजे दिसेनासा झाला.

डॉक्टरबाई संध्याकाळी आल्या. बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, आरसा केलास." मी सांगू शकत होते. त्या दिवशी ती फक्त चूक होती. माझ्या तोंडून निघालं, "आता दर शनिवारी मीच धूत जाईन, तुम्ही कुणाकडे देऊ नका. पैसे घेणार नाही." त्यांना वाटलं मी प्रेमाने म्हणतेय.

अकरा शनिवार झाले. दुपारी दवाखाना बंद झाला की त्या वर जेवायला जातात आणि मी मागच्या अंगणात गाडी धुते, पुसते, मग इकडे तिकडे बघून खिशातली बाटली काढते. पहिली बाटली संपली तेव्हा मी दुसरी विकत आणली. फुकट मिळालेली वापरणं आणि स्वतः दुकानात जाऊन मागणं यात काय फरक आहे, ते मला त्या दिवशी कळलं. दुकानदाराने विचारलं, "ओरखडे फार आहेत का?" मी म्हटलं, आहेत थोडे.

त्या येणाऱ्या-जाणाऱ्या पेशंटला खिडकीतून गाडी दाखवतात. तोंडात कापूस असलेल्या माणसालाही दाखवतात, तो बिचारा मान हलवतो. त्यांनी मला गाडीची दुसरी किल्ली दिली आहे. मागच्या महिन्यात म्हणाल्या, "सख्ख्या बहिणीने एवढं केलं नसतं गं माझ्यासाठी." मी पेशंटची वही उघडून बसले.

सुरुवातीला टायरच्या मागे बसायचे ना, ती लाज किती हलकी होती. कुणी बघू नये एवढीच तिची मागणी होती. ह्या लाजेला बघितलेलंही चालत नाही आणि न बघितलेलंही.

ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, आता सांगून काय मिळणार? नंतर रात्री म्हणाले, तरी सांग. नंतर म्हणाले, तुझं तू बघ.

तुझ्यावर मी काही ढकलत नाही. तू "थांब" लिहिलंस, मी थांबले. वाचणारी मी होते.

मला आणखी कामं आली होती, ती घेतली नाहीत. मशीन खोक्यात आहे.

खारू

४ जुलै

खारू,

उत्तराला उशीर झाला. पत्र आल्यापासून शर्टाच्या खिशात होतं. वहिनीने ते धुवायला टाकण्याआधी काढलं, वाचलं, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी विचारलं, मी काय केलं? म्हणाली, तेच तुम्ही तिला लिहा.

मी काय केलं ते लिहितो.

मी "थांब" लिहिलं ते "पुढे जाऊ नकोस" म्हणून. कडेच्या अलीकडे मशीन उचल, असं. गॅरेजात हे कधी कुणाला समजावून द्यावं लागलं नाही, कारण तिथे मी बाजूला उभा असायचो आणि थांब म्हणताना हात धरायचो. कागदावर हात कुठे असतो? "थांब" म्हणजे उभी राहा असाही होतो, हे छत्तीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही. ओळ माझी आहे. तू बरोबर वाचलीस.

पण हे त्यातलं छोटं.

मोठं असं की, तू लिहिलं होतंस "तू दोन्ही वापरल्या असशील." मी त्यावर काही बोललो नाही, तुझ्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. ती डुलडुल मशीन मी तेव्हा हातात धरलेली नव्हती, खारू. माझ्या शेवटच्या वर्षी गॅरेजात आली. माझ्या हाताखाली शिकलेले लोक ती आठवड्यात शिकले. मालक म्हणाले, तुम्हीही एकदा हात फिरवून बघा. मी म्हटलं, असल्या खेळण्यावर आमचे हात बसत नाहीत. खरं म्हणजे मला भीती वाटली की माझ्याच शिष्याकडून मला शिकावं लागेल आणि मला ते पहिल्यांदा यायचं नाही. दोन महिन्यांनी मी काम सोडलं. कान गेले म्हणून सोडलं असं सगळ्यांना सांगितलं. कान गेले होते हे खोटं नाही. पण कानांनी पॉलिश करतात का?

म्हणजे मला जे येत नव्हतं, त्याला मी भित्र्यांचं म्हटलं. आणि उंटावरून शेळ्या हाकत तुला शिकवत बसलो. पावडरवाल्याच्या हातचा चहा आम्ही घ्यायचो नाही म्हणे. मी स्वतःवर किती जाड थर चोळून बसलो होतो.

परवा बसने तालुक्याला गेलो. मोठ्या दुकानात जाऊन उभा राहिलो. काउंटरवरची बाई म्हणाली, "काका, काय दाखवू?" मी म्हटलं, ती डुलणारी मशीन दाखवा, आणि चालवायची कशी तेही दाखवा, मला येत नाही. खारू, हे वाक्य म्हणायला मी दुकानाबाहेर दोन फेऱ्या मारल्या होत्या. तिने जुन्या दारावर लावून दिली. मी सवयीने दाबली. मशीन फिरायची थांबली, नुसती थरथरत राहिली. ती म्हणाली, "काका, दाबू नका, ही दाबून घेत नाही." पुन्हा दाबली, पुन्हा थांबली. तेव्हा उजेड पडला. ही मशीन चूक व्हायच्या आधी स्वतःच थांबते. तुला हीच हवी होती. तो दुकानदार तुला बाई म्हणून सांगत होता की नवीन म्हणून, ते सोड. तो बरोबर होता आणि मी चूक.

आता डॉक्टरबाईंना सांग. तुला वाटत असेल ओझं जड होईल, तर माझं नाव पुढे कर. म्हण, दादाने चुकीची मशीन घ्यायला लावली आणि चुकीचं लिहिलं. ते खोटं नाही.

बाटलीचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ते तुझ्याकडेच आहे.

दादा

६ ऑगस्ट

खारू,

महिना झाला. वहिनी रोज टपालपेटी उघडून बघते. सांगितलंस की नाही, एवढं एका ओळीत कळव. नसशील सांगितलं तरी कळव. आम्ही इथे चहा ठेवतो आणि तो निवून जातो.

दादा

२० ऑगस्ट

दादा,

सांगितलं. चौदा जुलैला, सोमवारी, सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी. लगेच लिहायला बसले होते, पण जे झालं ते लिहिण्यासारखं नव्हतं, आणि त्यात तूही आहेस.

मी वाटेत वाक्य जुळवलं होतं. "बॉनेटच्या कडेचा रंग माझ्या हातून गेला आणि मी तो लपवला." चांगलं वाक्य होतं. डॉक्टरबाई हात धूत होत्या. मी म्हटलं, "गाडीबद्दल बोलायचंय." त्या हसून म्हणाल्या, "बोल गं." आणि त्या हसण्यापुढे माझं वाक्य उलटं झालं. मी म्हटलं, "माझ्या दादाने चुकीची मशीन सांगितली होती."

तू परवानगी दिली होतीस, तरी मी हे पहिल्या वाक्यात करायला नको होतं. पत्रात मी तुला किती थोरपणे लिहिलं होतं, तुझ्यावर ढकलत नाही म्हणून. तो थोरपणा तोंड उघडायच्या आतच संपला. माफ कर.

मग सगळं सांगितलं. कड, पॅड, वास. त्या ऐकत होत्या, नळ बंद करायचं विसरल्या होत्या. मी बाटलीपर्यंत आले तेव्हा त्यांनी नळ बंद केला आणि विचारलं, "बाटलीसुद्धा दादानेच सांगितली?"

"नाही."

"किती शनिवार?"

"सोळा."

त्यांनी टॉवेल नीट घडी करून ठेवला. म्हणाल्या, "डाग पडला त्याच संध्याकाळी सांगितलं असतंत तर मी हसले असते." असतंत, दादा. दहा वर्षं मी त्यांची "अगं" होते. मग म्हणाल्या, "पहिला पेशंट आला असेल, पाठवा." मी रंगवायचा खर्च देते म्हटलं, त्यावर नुसती मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलली नाही, पण संध्याकाळी ती तिथे नव्हती.

त्यानंतरचा महिना कसा गेला ते तुला सांगते. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अतिशय व्यवस्थित वागल्या. "तुम्ही जेवून घ्या." "तुमचा पगार झालाय बघा." पेशंटला खिडकीतून गाडी दाखवणं बंद झालं. एका आजींनी विचारलं, "आज गाडी नाही दाखवणार का?" तेव्हा आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "रंगायला टाकलीय." रोज सकाळी घरून निघताना वाटायचं, आज राजीनामा द्यावा. ह्यांनी एकदा विचारलं, "देतेस का?" मी म्हटलं, दिला तर तीही बाटलीच होईल, झाकून पळायची. त्यांनी डबा भरून हातात दिला.

मधल्या काळात तू सांगितलेली मशीन आणली. दुकानदाराने रोटरी थोड्या कमी भावाने परत घेतली आणि एकदाही "मी म्हटलं होतं" म्हणाला नाही, हे त्याचे उपकार. सध्या सगळा प्रयोग सवतीवरच चालू आहे. लोकांची गाडी घेतलेली नाही. तू म्हणतोस तसं, दाबली की ती थांबते. पहिल्या दिवशी मी तिच्याकडे बघत बसले. एवढंही मला स्वतःहून जमलं नव्हतं.

परवा सोमवारी डॉक्टरबाईंची गाडी रंगून परत आली. मी टेबलाशी होते, खिडकीतून बघितलं नाही. दुपारी दोन पेशंटच्या मध्ये त्या बाहेर आल्या आणि उभ्यानेच विचारलं, "नव्या रंगाला पॉलिश किती दिवसांनी करतात?"

मी म्हटलं, "तीन महिने काही लावू नका. मेणसुद्धा नाही, रंग आतून वाळायला वेळ लागतो. साध्या पाण्याने धुवा. आणि नंतर एखाद्या मोठ्या गॅरेजात द्या, मी दोन-तीन नावं लिहून देते."

"मी नावं विचारली का?"

मी पेन खाली ठेवलं.

"तीन महिने म्हणजे कधी?"

मी कॅलेंडर बघितलं. नव्वद दिवस मोजले. "सोळा नोव्हेंबर. रविवार येतो."

"लिहा मग."

मला वाटलं चिठ्ठीवर लिहायचं. मी कागद ओढला. त्या म्हणाल्या, "वहीत लिहा. पेशंटच्या." रविवारची पानं कोरीच असतात. मी सोळा तारखेचं पान काढलं. नावाच्या रकान्याशी पेन थांबलं. त्या म्हणाल्या, "गाडी." मी लिहिलं. वेळ? "दहा. मी स्वतः समोर बसणार आहे. खुर्ची ठेवा." मी लिहिलं.

शेवटचा रकाना तक्रारीचा असतो. दाढ ठणकते, हिरडी सुजली, असं तिथे मी रोज लिहिते. मी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, रागही नाही आणि हसूही नाही, पेशंटच्या तोंडात बघताना असतो तसा चेहरा.

"लिहा," त्या म्हणाल्या. "आधीच्या उपचाराने झालेली इजा. लपवलेली."

बाकावर तीन माणसं बसली होती आणि त्यांनी ते ऐकलं. मी सगळं लिहिलं, शेवटचा शब्दही, माझ्या नेहमीच्या अक्षरात. त्यांनी वाकून वाचलं, "ठीक," म्हणाल्या आणि आत गेल्या. मी वही उघडीच ठेवली आणि पुढच्या पेशंटला आत पाठवलं.

खारू